मांडीतली सळई आणि सायकलीचा तडा

मी, कुंडलिक प्रभु ढेकळे, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त व्यायामशिक्षक, मूळ गाव वेळापूर, तालुका माळशिरस, हल्ली राहणार कुंभारी रस्ता, सोलापूर, आज रविवारी सकाळी अंघोळ-चहा उरकून, स्वतःच्या ओट्यावर बसून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझी पत्नी सोनाबाई मात्र त्या दाखल्यावर हसली. मला आजार नाही, कोणाचे दडपण नाही. जन्मभर पोरांना ‘सावधान, विश्राम’ शिकवले. स्वतः कायमचा विश्राम घेण्याआधी मागची मंडळी रांगेत लावून जावे, एवढाच हेतू आहे. माझे याआधीचे म्हणून एखादे मृत्युपत्र निघालेच, तर ते माझा धाकटा भाऊ धुळा याने लिहिले असे समजावे.

वकील अमरेश म्हेत्रे शेजारी बसून चहा पीत आहेत. “सर, फक्त काय कोणाला ते लिहा, गोष्टी नकोत,” असे त्यांचे म्हणणे. मी ऐकणार नाही. नुसते काय कोणाला लिहिले की भांडणे लागतात. का, तेही लिहिले की निम्मी तरी मिटतात.

कलम १. राहते घर, अंगण आणि घरातील भांडीकुंडी माझ्या पश्चात सोनाबाईच्या एकटीच्या मालकीची राहतील. मुलांनी यावे, जेवावे, राहावे, पण “आई, आता हे विकून टाकू” हा शब्द उंबऱ्याच्या आत काढू नये. अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा शेजारच्या सिद्धम्मा आजवर नेत आल्या आहेत, तशा त्यांनी पुढेही न्याव्यात. फक्त काठीने झोडपू नये, फांद्या मोडतात. हे मी त्यांना तोंडी पुष्कळदा सांगितले आहे. आता कायद्याने सांगतो.

कलम २. बँकेतील ठेवी सोनाबाईला, आणि तिच्यानंतर मुलगा युवराज व मुलगी अंकिता यांना सारख्या. सारख्या म्हणजे सारख्या. अंकिता लग्न होऊन गेली म्हणून तिच्या ताटात घास कमी वाढायचा नाही.

कलम ३. वेळापूरच्या जमिनीची वाटणी पूर्वीच झाली आहे, तीबद्दल तक्रार नाही. माझी लोखंडी पहार धुळाने “दोन दिवसांसाठी” नेली होती. ती त्यालाच दिली. त्याने ती माझी म्हणूनच वापरावी.

कलम ४. माझी पितळी शिट्टी युवराजला. तो पुण्यात फ्लॅट विकतो. गिऱ्हाईक पळाले की वाजवावी.

कलम ५. सायकल. वरचे सगळे बिनवादाचे होते. वकिलांना रविवारी घरी बोलावले ते या कलमासाठी.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी स्कूटरवरून पडलो आणि उजव्या मांडीचे हाड मोडले. डॉक्टरांनी आत सळई घातली. शुद्धीवर आल्याबरोबर मी विचारले, “कसली घातली?” ते म्हणाले, “टायटॅनियमची, सर. गंजत नाही, हलकी असते, तुमच्यापेक्षा जास्त टिकेल.” ते बोलणे माझ्या मनात घर करून बसले. अंकिता फिजिओथेरपिस्ट आहे. पायाला व्यायाम म्हणून तिने सायकल चालवा म्हटले, तेव्हा मी हट्ट धरला की सायकलही त्याच धातूची पाहिजे. तिने हात जोडले. पण शोधलीच. पुण्याचा एक इंजिनिअर परदेशी चालला होता, त्याच्याकडून नुसती फ्रेम मिळाली. चाके नाहीत, हँडल नाही, काही नाही.

ती उभी केली खाजाभाईने. खाजाभाई शेख, माझा मित्र, होटगी रस्त्याला त्याचे वेल्डिंगचे दुकान आहे. कुठून कुठून एकेक भाग जमवून त्याने ती जोडली. रंग नाही, झगमग नाही, घासलेल्या पातेल्यासारखी करडी. त्यानंतर रोज सकाळी आम्ही दोघे कुंभारीपर्यंत जायचो, तिथे चहा घ्यायचा आणि परत यायचे. मी टायटॅनियमवर, तो त्याच्या काळ्या जुन्या घोड्यावर. मी पुढे आणि तो मागे, कारण तो सारखा बोलतो. इतका आनंद मला नोकरीत कधी मिळाला नाही, हे मी इथे स्पष्ट लिहितो.

गेल्या पावसाळ्यापासून सायकल करकरू लागली. मी म्हणे पायडल, खाजाभाई म्हणे सीट. त्याने सीटला ग्रीस लावले, मी पायडल बदलले, आवाज तसाच. कुंभारीच्या चहावाल्याचेही त्यात मत होते.

मग खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी खुरपे, विळी, शिट्टी, सायकल, सगळ्यांची पूजा होते. सोनाबाईने हळद-कुंकू पाण्यात कालवून फ्रेमला बोटे ओढली, झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी ती ओल्या फडक्याने पुसायला बसली आणि तिने हाक मारली, “अवो, हितं या. समदं निघालं, ही एक रेघ निघंना.” सीटखालची उभी नळी खालच्या जोडाला मिळते, तिथे केसाएवढी लाल रेघ होती. मी पुसली, तरी राहिली. नखाने खरवडली, नख अडकले. तडा होता. त्यात कुंकू शिरले होते. म्हणजे इतके दिवस ना सीट करकरत होती ना पायडल, आणि सापडले ते आम्हा दोघांपैकी कोणालाच नाही.

खाजाभाईला बोलावले. तो पालथा पडून बघत राहिला. मग म्हणाला, “मास्तर, मी जोडतो की. गॅस हाय, मशीन हाय, नळीच्या आतनं बी गॅस सोडतो, वाऱ्याला शिवू देत न्हाय. फकस्त भरायला ह्याच धातूची सळई पायजे, ती सोलापुरात कुटं मिळंना.” मी अंकिताच्या फोनवर वाचले होते की हा धातू तापलेला असताना त्याला हवा लागली तर जोड ठिसूळ होतो आणि एक दिवस काडकन तुटतो. मी म्हणालो, “खाजाभाई, ही सायकल आहे, जिन्याचं रेलिंग नाही.”

तो उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, “म्हंजे मी रेलिंगवालाच व्हय?” आणि गेला.

त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद आहे. सकाळी तो एकटाच माझ्या फाटकावरून कुंभारीला जातो. पूर्वी घंटी वाजवायचा, आता वाजवत नाही. युवराजची जुनी सायकल परसात पडून आहे, तिला मी हात लावत नाही. मी आत बसून ती न वाजलेली घंटी रोज ऐकतो. मला त्याचा राग येतो आणि त्याच्यावाचून करमत नाही. दोन्ही खरे आहे.

दरम्यान फ्रेमवर हक्क सांगणारे वाढले. युवराज म्हणतो भंगारात घाला. सोनाबाईला तिच्यावर घेवड्याचा वेल चढवायचा आहे. अंकिता म्हणते मला द्या, मी कुठूनतरी जोडून घेते आणि चालवते. यातले तिसरे सगळ्यात वाईट. माझी पोर रस्त्यावर आपटलेली मला चालणार नाही, मी वर असलो तरी.

सबब, माझ्या पश्चात सदर फ्रेम चाके-हँडलासह खाजाभाई शेख यांना द्यावी. त्यांनी ती जोडावी, न जोडावी, त्यांची मर्जी. जोडलीच, तर आधी त्यांनी स्वतः कुंभारीपर्यंत जाऊन यावे, तोवर अंकिताने सीटला हात लावू नये. मी जिवंत असेपर्यंत मात्र फ्रेम भिंतीवर टांगलेली राहील आणि तिला कोणी हात लावणार नाही. मी नमते घेतले असे कोणी समजू नये.

कलम ६. मांडीतील सळई. मला अग्नी दिल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडताना ती सापडेल. ती जळत नाही. अस्थींबरोबर नदीत सोडू नये. धुवून, पुसून खाजाभाईला द्यावी. भरायला त्याच धातूची सळई पाहिजे म्हणाला होता ना! घे म्हणावे. थोडे थांबावे लागेल, एवढेच.

येथवर लिहून झाले आणि सह्यांची वेळ आली. वकील स्वतः पहिले साक्षीदार. दुसऱ्या म्हणून सिद्धम्मांना हाक मारली. पण वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये, उद्या नसता वाद निघतो, आणि सिद्धम्मांना शेंगा मिळतात. सिद्धम्मांनी पेन तिथेच ठेवले. “शेंगा सोडून सही कशाला करू, मास्तर? आमटीत काय तुमची सही घालू?” आणि काठी घेऊन झाडाकडे गेल्या.

एवढ्यात फाटक आदळले. खाजाभाई. डोक्यावर चष्मा, हातात मोजे, दुकान तसेच टाकून आलेला. सोनाबाई सकाळी त्याच्या दुकानावरून भाजी घेऊन येताना “मास्तर मृत्युपत्र लिहाय बसल्यात” एवढेच सांगून आली होती. ती मुद्दाम एवढेच सांगून आली, असे मला आता वाटते.

“काय झालं? कुटं दुकतंय?” त्याने माझा हातच धरला. “दवाखान्यात दावलं का?”

“काही झालं नाही. ठणठणीत आहे.”

“मंग हे काय मांडलंय? घाम फुटला की मला!” तो ओट्यावर मटकन बसला. मी कागद पुढे केला. सोनाबाईने पाणी दिले आणि वकिलांनी कलम पाच आणि सहा मोठ्याने वाचली.

रेलिंगच्या ठिकाणी तो खाली बघत होता. घंटीच्या ठिकाणी त्याने डोळे पुसले. सळईच्या ठिकाणी तो इतका हसला की सिद्धम्मा काठी घेऊन परत आल्या.

“मास्तर, अवो, सळई कशाला पायजे आता? भरायची तार आलीया की, त्याच धातूची. हैदराबादवरनं मागवली, दिवाळीतच आली. दुकानात फळीवर ठेवलीया, कापडात गुंडाळून.”

“दिवाळीत आली? मग सांगितलं का नाहीस?”

“तुमी इचारलं का?”

मी त्याला दोन शिव्या दिल्या, त्या कायदेशीर कागदात लिहीत नाही. त्याने मला एक दिली. वकील म्हणाले अजून एक साक्षीदार हवा, तसा तो त्यांच्याकडे वळला. “साक्षीदार मिळंना म्हणताय न्हवं? मी करतो सही.”

वकील म्हणाले, “तुम्हाला नाही करता येणार, भाई. फ्रेम आणि सळई तुम्हालाच मिळतात.”

“मंग माजं नाव काडा त्यातनं. फ्रेम मी आजच नेतो, ह्यो जित्ता हाय तवर. पयली फेरी मी मारतो, मोडली तर माजी कंबर मोडंल. आन् सळई मला नको.”

वकिलांच्या सांगण्यावरून खालील फेरफार माझ्याच हाताने नोंदवतो.

कलम ५ खोडले. फ्रेम माझ्या मिळकतीत राहिलेली नाही. आज हयातीतच भिंतीवरून काढून खाजाभाई शेख यांच्या स्वाधीन केली. घेवड्यासाठी सोनाबाईला बांबू आणून देण्याची जबाबदारी माझी. अंकिताला फोनवर कळवले. ती ओरडली, मग रडली, मग म्हणाली दुसरी फेरी माझी. दुसरी माझी आहे. तिसरी तिची.

कलम ६ खोडले. कारण खाली साक्षीदार क्रमांक दोन यांनी सहीशेजारी लिहिले आहे. वकील म्हणतात तिथे काही लिहायचे नसते. मी पुसू दिले नाही.

बाकीची कलमे कायम. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहिले, वाचले, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण : सोलापूर
दिनांक : १८ जानेवारी २०२६

लिहून देणार : कुंडलिक प्रभु ढेकळे (सही)

साक्षीदार १ : अमरेश म्हेत्रे, वकील (सही)

साक्षीदार २ : खाजाभाई शेख (सही)
सळई हाय तितंच राहू द्या. उद्या सकाळी घंटी वाजवतो, तुमी युवराजची सायकल काडून फाटकात थांबा.