तयार असल्याची सही

२ डिसेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू हो-नाहीच्या पुढे जात नाहीस, म्हणून पत्रच लिहायला घेतलं. एकदाचा तो नियम मंजूर झाला! ऊन-वाऱ्याची वीज आधी घ्यायची असं आमच्या वीजवाटप कार्यालयाने ठरवल्यापासून तुमच्या गॅसच्या केंद्राला दिवसभर कुणी विचारत नाही, वीज खपत नाही म्हणून पैसा येत नाही, आणि तू मला ‘सूर्याची वकिलीण’ म्हणून चिडवतोस. आता चिडव बघू. ऊन गेलं, वारा पडला की तासाभरात यंत्र सुरू करू शकणाऱ्या केंद्रांना यापुढे नुसतं तयार राहण्याचेही पैसे मिळतील. केंद्रप्रमुखाने रोज सकाळी ‘तयार’ लिहून सही करायची, बस्स.

बैठकीत आमचे साहेब म्हणाले, नुसत्या सहीवर भरवसा कसा ठेवायचा? मी ताडकन उठून सांगितलं, माझा सख्खा भाऊ अशाच एका केंद्राचा प्रमुख आहे आणि त्याची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सगळे हसले, पण नियम झाला.

सारखं बंद-चालू करून यंत्राचे हाल होतात म्हणत होतास. ते बरं आहे ना? आणि वहिनीचा गुडघा?

तुझा राग आणि लोभ, दोन्ही माझ्यावर राहू देत.

तुझी,
चिमणी

१९ डिसेंबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

वकिलीणबाईंचा विजय असो! आमच्याकडे इतकी सामसूम आहे की घड्याळाची टिकटिक ऐकू येते. आमच्या वेल्डरने खिडकीत टोमॅटो लावलेत आणि रोज तो पट्टीने त्यांची उंची मोजतो. पगार मात्र वेळेवर झाले. अडतीस घरं तुला दुवा देतात.

यंत्राचं विचारलंस. वहिनीचा गुडघा बराच बरा आहे, आता जिना चढते. आणि माझी सही चारचौघांत मिरवत जाऊ नकोस, बाई.

प्रकृतीला जप, पत्र पाठवत राहा.

तुझा,
दादा

२७ जानेवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तीन दिवस आभाळ भरलेलं होतं. २४ तारखेला संध्याकाळी वाराही पडला, तेव्हा तुझ्या केंद्राला यंत्र सुरू करायला सांगितलं. तास गेला, दीड तास गेला. शेवटी चार वस्त्यांची वीज तोडावी लागली. आमच्या इमारतीतल्या शिवणकाम करणाऱ्या आजी दोन तास लिफ्टमध्ये अडकल्या. बाहेर काढलं तेव्हा त्या तिथेच पायरीवर बसल्या.

गॅसचा दाब कमी होता, असं तू कळवलंस आणि मी ते डोळे मिटून अहवालात लिहिलं. आज गॅसवाल्यांचं पत्र आलं, दाब पुरेपूर होता. साहेबांनी नुसता कागद माझ्यापुढे सरकवला. मला मान वर करता आली नाही.

दादा, काय झालं ते सरळ लिही. या वेळी गुडघ्याचं नको.

उत्तराची वाट पाहते.

चिमणी

३० जानेवारी

चि. चिमणीस,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

४ डिसेंबरला बॉयलरच्या मुख्य नळीला तडा सापडला. दुरुस्ती मागितली तर मालक म्हणाले, केंद्र तोट्यात, पैसा कुठला? आणि ‘तयार नाही’ लिहिलंस तर तयारीचे पैसेही जातील, मग सरळ टाळंच लावू. माझ्यापुढे अडतीस पगार होते. चार दिवसांचा प्रश्न आहे म्हणून सही केली. मग रोज करत गेलो. २४ तारखेपर्यंत एक्कावन्न सह्या, चिमणे. वेल्डरला तडा ठाऊक होता. तो माझ्याकडे बघायचाच बंद झाला.

चौथीत तू प्रगतिपुस्तकावर बाबांची सही ठोकली होतीस. मी तुझा कान धरून बाईंकडे नेलं, तू आत रडत कबूल करत होतीस आणि मी दाराबाहेर ताठ मानेने उभा. आता ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आज सकाळी ‘तयार नाही’ लिहून सही केली. सगळ्यांना एकत्र बोलावून खरं सांगितलं. एकेक जण उठून निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मंगळवारी अकराला तुमच्या साहेबांपुढे उभा राहतोय. त्या दिवशी तू रजा घे. तुझ्यादेखत नको.

जमलं तर लोभ ठेव.

दादा

२ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

रजा घेणार नाही. का, ते वाच आणि मग हवं तर मला बोल.

दर सोमवारी दहा मिनिटं यंत्र चालवून बघायची तुझी शिस्त. आमच्या नोंदींत त्या दहा मिनिटांची वीज दिसते. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की डिसेंबरपासून तुझे सगळे सोमवार कोरे आहेत. सही मात्र रोज. मी काय केलं? तो कागद खणात तळाशी घातला आणि वर टाचण्यांचा डबा ठेवला. बैठकीत तुझ्या नावाने फुशारकी मारून बसले होते ना! तेव्हाच तुला फोन केला असता, तर आजी लिफ्टमध्ये अडकल्या नसत्या.

काल त्या माझा उसवलेला कोट शिवून घेऊन आल्या. म्हणाल्या, तुमच्या ऑफिसातल्या लोकांनी धावपळ केली म्हणून मी सुटले. पैसे घेतले नाहीत. कोट खुर्चीवर आहे, अंगात घालवत नाही.

तो कागद मी खणातून काढून पिशवीत ठेवलाय. मंगळवारी वहिनीला सोबत आण. दाराबाहेर उभं राहायला कुणीतरी हवं. या वेळी आपण दोघंही आत असू.

लोभ आहेच, तो मागत नाही.

तुझी,
चिमणी