विषाच्या पिंपांची पक्की विल्हेवाट

१२ एप्रिल १९६६
सोसायटीच्या गोदामाचं कंत्राट मलाच! कपाशीवर फवारायच्या औषधाची जुनी पिंपं तिथे गळतायत. साहेबांची ऑर्डर : पिंपांसकट सगळं गावाबाहेर, पुरुषभर खोल पुरा. उंद्रीचे शेषराव मुलासाठी आपल्या गीताला बघायला येणार आहेत. सासरा कंत्राटदार म्हटल्यावर कोण नाही म्हणतो? उद्या पहाटेपासून खड्डा.

१३ एप्रिल
ऊन फार. खड्डा उद्या.

१६ एप्रिल, सकाळी
गावाबाहेर सावली नाही. गावच्या पाण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला निंबाखाली खणलं. गुडघाभर झाल्यावर मुरूम लागला. पुरे. औषध ओतलं, माती लोटली. पिंपं काही मावेनात.

संध्याकाळी
इतकं लोखंड मातीत घालायचं म्हणजे लक्ष्मीला लाथ मारणं. वाटून टाकलं. तानुबाई पहिली आली. "मले एक द्या भाऊ. वास येऊन राह्यला, पन राखेनं घासतो मी." सगळ्यात चांगलं पिंप आपल्या न्हाणीत. अन्नपूर्णा म्हणाली, "काऊन आणलं हे मढं घरात?" बायकांना सायन्स कळत नाही. तीनदा धुतलं की विष जातं, असं मी ठरवलं आहे.

१८ एप्रिल
इन्स्पेक्शन. गोदाम क्लिअर. पिंपं? जमिनीखाली, म्हणालो. साहेब खूश. पुढच्या गोदामाचंही बघू म्हणाले.

२१ एप्रिल
रंगरावची म्हैस गेली. पिंपातलं पाणी प्याली म्हणे. म्हातारी झाली होती. रंगराव अंगावर आला : "दुसऱ्या वेताची होती माही म्हैस!" विकायची असल्यासारखं वय लपवतो.

२३ एप्रिल
निम्मं गाव ओकतंय. तानुबाईला गाडीत घालून नांदुऱ्याला नेलं. यंदा हवाच वाईट. आपलं पिंप गुपचूप उपडं केलं. अन्नपूर्णाला सांगितलं नाही, उगाच डोकं खाईल.

२५ एप्रिल
तानुबाई वाचली. बरं वाटलं. पण डॉक्टरसमोर माझं नाव घ्यायची काय गरज होती? लोकांनी सगळी पिंपं माझ्या अंगणात आणून आदळली. आता खरोखर खोल खड्डा. उद्या नको, उद्या पाहुणे.

२६ एप्रिल
शेषराव आले, मध्यस्थ किसनराव सोबत. स्टँडपासून भर दुपारी चालत. घामाने निथळत होते. पिंपांमधून वाट काढत ओसरीवर टेकले. गीता पाणी घेऊन बाहेर आली. स्टँडवर कुणी सांगितलं असावं, शेषरावांनी विचारलं, "औषध कुठसा पुरलं?" मी अभिमानाने निंब दाखवला. त्यांनी निंब पाहिला, मग खालची विहीर पाहिली. म्हणाले, "तहान नाही लागली." किसनरावांनाही नव्हती. पाण्यालाच हात लावला नाही, तिथे बोलणी कसली! उठलेच. कोपऱ्यावर कडूबाचं टरबुजाचं दुकान आहे, तिथे दोघं उभ्याउभ्या टरबूज खात होते. गीताला दारातून सगळं दिसत होतं.

तिने ते पेले माझ्यापुढे आणून ठेवले.

मलाही तहान नव्हती.