सगळ्यात कमी रेडॉन माझ्या घरी

सिस्टर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमच्याशीच बोलायचं आहे. गावात माझं ऐकून घेणारं आता कोणी उरलेलं नाही, आणि तुम्हाला मध्येच टोकता येत नाही.

निवृत्तीनंतर मी तिसगावजवळ, सासरच्या गावी घर बांधलं. गुळगुळीत फरशी, सरकत्या काचा, आणि त्या कायम बंद, कारण ट्रॅक्टरची धूळ आणि शेजाऱ्यांची गाणी मला सोसत नाहीत. यंदा एका कॉलेजची माणसं घराघरातला रेडॉन मोजायला आली. हा जमिनीतून येणारा वायू, ना रंग ना वास. कोंदट खोलीत साठतो आणि वर्षानुवर्षं छातीत गेला की फुप्फुसांवर उठतो. प्रत्येक घराला एकेक प्लास्टिकची डबी मिळाली. जिथे निजता तिथे तीन महिने टांगा आणि एरवी राहता तसेच राहा, एवढाच नियम. देखरेख माझ्याकडे होती. म्हणजे मीच मागून घेतली.

आठवड्याने बघते तर डब्या झाडून सगळ्या पुढच्या खोलीत, टीव्हीशेजारी! एकीला हळदकुंकूही लागलेलं. शेजारी माझी धाकटी जाऊ राहते. तिला फैलावर घेतलं.

"आक्का, कालेजातनं आलेली वस्तू मागं कांद्याच्या खोलीत टांगायची व्हय? चार मानसं येत्यात."

"तू निजतेस कुठे?"

"कांद्यापाशीच की."

"मग तुझी फुप्फुसंही तिथेच निजतात ना?"

"त्यास्नी कोन बघाय येतंय!"

मी दारोदार फिरून सगळ्या डब्या मागे नेल्या आणि फुकट भाषणंही दिली. घरी येऊन पाहिलं, तर गावात सगळ्यात कोंदट खोली माझीच. निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागणार होता. तेव्हा तुम्ही आठवलात. सातवीत, तुमच्या विज्ञानाच्या तासाला, पाणी उकळताना मी थर्मामीटर न बघताच वहीत शंभर लिहिलं. तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, "पुस्तकाचं उत्तर मला पाठ आहे. तुझ्या भांड्याचं सांग." घंटा होईपर्यंत स्टोव्हपाशी उभी होते मी, रागाने लाल. आणि आता, या वयात, मी उठते आणि सगळ्या काचा सरकवून उघडते. तीन महिने धूळ खाल्ली, डास पोसले.

निकाल लागला. माझं घर सगळ्यात कमी. सरपंचांनी शाल दिली. जावेची खोली सगळ्यात वाईट निघाली, आणि तिची छाती आधीच नाजूक. संध्याकाळी ती वळकटी घेऊन दारात उभी. "आक्का, आता मी तुमच्याकडंच निजनार. तुमची हवा लई चांगली हाय."

काचा लावल्या तर तिला विष पाजल्यासारखं, आणि उघड्या ठेवायचं कारण सांगितलं तर शाल परत. चार दिवस नुसती कुढले. पाचव्या दिवशी पुटपुटत सांगून टाकलं. ती वळकटी सोडता सोडता म्हणाली, "मला ठावं हाय. तीन महिने तुमी शिंकत हुता, अख्खी आळी ऐकत हुती."

आता काचा उघड्याच असतात, तिच्याही मागच्या भिंतीला खिडकी पाडून घेतली आहे. कॉलेजला दुसरी डबी पाठवा म्हणून कळवलं. तुमचं हे पत्र मात्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं तेवढं इथे लिहिते. कॉलेजच्या अर्जात, पहिलं माप का चुकलं या रकान्यात, मी लिहिलं आहे, "सुतारकाम चालू असल्याने खिडक्या उघड्या होत्या." सुतार कधी आलाच नव्हता, सिस्टर.