वाळ्याची टाटी

९ मे १९६५, यवतमाळ

आज दुपारी कुलरवाला भाव सांगायला घरी आला. चारशे रुपये! मामंजींच्या खिडकीला वाळ्याची टाटी आहे. दर अर्ध्या तासाने तिच्यावर पाणी मारते मी. दाराआडून मनात म्हणत होते, घ्या हो, घ्या.

"दिवसभर न थकता चालते," कुलरवाला म्हणाला.

मामंजी हसले. "आमची सूनबाई बी चालते. मग इतके पैसे कायले घालू?"

आणि हे? मान खाली घालून बसले.

घेतला असता तरी टाकीत पाणी कोणी भरलं असतं? मीच. मग एवढं का लागलं मला?

टाटी बाहेरून भिजवावी लागते, भर उन्हात. लग्नाला तीन उन्हाळे झाले. आत किती गार वाटतं, ते मला अजून ठाऊक नाही.