वर्षश्राद्धाआधीचे केक

माय, आपल्या चुलीच्या खोलीत आता ओटा आहे आणि तुझं जातं होतं त्या कोपऱ्यात फ्रीज घुरघुरतो. त्या ओट्याशी तुझी नातसून उभी असते, पहाटेच, कारण चंद्रपूरच्या उन्हाळ्यात उशीर झाला की चॉकलेट बसत नाही. केक भाजते, निवाला की हातानं चुरते, क्रीम घालून लिंबाएवढे गोळे वळते, गार करते. मग काडीचं टोक विरघळलेल्या चॉकलेटात बुडवून गोळ्यात खोचते आणि अख्खा गोळा एकदाच बुडवून काढते. थर्माकोलवर उभा केला की त्याची ओली चकाकी हळूहळू मंदावत जाते, तळ्यावर सांज उतरावी तशी. मी खुर्ची टाकून ते बघत बसतो आणि शाळेतल्या कवितांची कडवी पुटपुटतो. ती म्हणते, "मामाजी, कविता म्हनता म्हनता डबे पुसून द्या न जरा." बाजारात तूही अशीच बोलायचीस, "मनात काऊन म्हनतं रे? जोरानं म्हन, गिऱ्हाईक तरी थांबन."

तुझा नातू गेला, माय. हिवाळ्यात, ड्युटीवर जाताना, कोळशाच्या ट्रकखाली. हे आधीच लिहायला हवं होतं, हात वळला नाही. होळीला घरात कढई चढली नाही. वर्ष होईपर्यंत चढायची नाही. पुरणपोळी शेजारणीनं आणून ठेवली होती, ती तशीच वाळली. अशा घरात ही पोरगी गोड करून विकते. लग्नाआधी शिकलेली कला, आता तेवढीच हाताशी. एटापल्लीहून तिचा भाऊ येऊन सांगून गेलाय, "दिवाळीपर्यंत पाहतो. नाई जमलं त ताईले घेऊन जातो." ती गेली की या घरात मी आणि हा फ्रीज.

भाव ठरवायला आम्ही दोघंच बसलो होतो. चॉकलेट, क्रीम, काडी, डबा, गॅस, सगळं धरून ती म्हणाली, "वीसले देऊ." मी विचारलं, "अन् तुह्या हाताचं?" "हाताचं काऊन लावाचं मामाजी? घरचंच त हाय." तू तरी कुठे लावायचीस? मुरमुऱ्याच्या लाडवात गूळ धरायचीस, मुरमुरे धरायचीस, रात्रभर पाकाने पोळलेली बोटं कधी धरली नाहीस. मी हट्टानं पंचवीस करायला लावले. ती हसली. हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच.

मग मागच्या कॉलनीतून वाढदिवसाची ऑर्डर आली, चाळीस नगांची. सकाळी सगळे डबे भरून तयार, आणि मुलाची आई फाटकाशी येऊन थांबली. आत आली नाही. "ताई, राग नका मानू. सासूबाई म्हनते, वरीस नाई झालं त्या घरचं गोड लेकराच्या वाढदिवसाले नको. मले नव्हतं माहीत." सून म्हणाली, "बरं." ती बाई वळली, पुन्हा थांबली. "नाईतर असं करा, दहा-दहाले द्या. मोठ्या मानसाईले वाटून टाकतो. तसेही वायाच चालले न."

"पंचवीस."

"अवं पन आता घेनार कोन?"

"कोनी नका घेऊ. पंचवीसच."

मला तू आठवलीस. बाबा गेल्यावर आपल्याच गावच्या बाजारात बाया तुझे लाडू उलटून पाहायच्या, अर्धे पैसे टाकायच्या, आणि तू मुकाट्यानं द्यायचीस. पुढं तू तो बाजार सोडलास. पाटी डोक्यावर, माझं बोट धरून, अंधार असतानाच दूरच्या गावाला निघायचीस, जिथं आपल्याला कोणी ओळखत नव्हतं. वाटेत पढवायचीस, "कोनी इचारलं त सांगजो, बाबा वावरात गेले हायेत." मी तसंच सांगायचो. अजूनही डोळे मिटले की बाबा मला वावरातच दिसतात, धानाच्या बांधावर, पाठमोरे.

फाटक लागल्यावर मी सुनेला हे सगळं सांगितलं. म्हटलं, "भद्रावतीले विकून पाहू. तिथं कोनाले काय माहीत?" ती अंगठ्यावरचं वाळलेलं चॉकलेट नखानं खरवडत होती. म्हणाली, "अन् कोनी इचारलं त काय सांगू मामाजी? ड्युटीवर गेले म्हनून?"



ऊन वाढलं तसे तिनं डबे पुन्हा फ्रीजमध्ये कोंबले. दुपारभर फोन वाजला नाही. चार वाजता ती एक काडी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "मामाजी, इतके दिवस झाले, तुम्ही एकबी नाई चाखला. कसे होते ते तरी सांगा." मी म्हटलं, "शुगर वाढली म्हनते डाक्टर." तिनं माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग तो गोळा उभ्याउभ्या स्वतःच खाल्ला, सावकाश, भिंतीकडे तोंड करून, आणि काडी धुवून ठेवली.

हा कागद तुझ्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून लिहून टाकतो. मला शुगर नाही, माय. वर्ष झालं नाही ना अजून.