बिनसावलीचा हॉल

२ नोव्हेंबर

आलो एकदाचा, आणि झकास आलो! स्टेशनवर मालक स्वतः गाडी घेऊन हजर. त्यांचा बटणांचा कारखाना आहे. शर्टाची, कोटाची, उशीच्या अभ्र्याची, म्हणाल ती बटणं. सगळे त्यांना बटणकाका म्हणतात आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. सिग्नलला गाडी थांबली की ते मला मोबाइलवर झुंबरांचे फोटो दाखवत होते. मी तोंडाने 'वा, वा' करत होतो आणि मनात कपाळ बडवून घेत होतो. हातात पैसा खुळखुळायला लागला की माणसाला आधी झुंबर सुचतं, अक्कल सुचत नाही.

घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं, दोन मजली, भक्कम. हॉल मात्र बघत राहावा असा! लांबरुंद, उंच छत, टोकाला जिना. एवढ्या सुंदर खोलीत यांनी चार ट्यूबलाइट ठोकल्यात, त्यातली एक येणाऱ्याजाणाऱ्याला डोळा मारते. असल्या उजेडात ही माणसं जन्म काढतात आणि वर अभिरुचीच्या गप्पा मारतात. प्रकाशयोजनेचं हे माझं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. काम होईपर्यंत हॉललगतची पाहुण्यांची खोली आम्हाला दिली आहे. बायको रविवारी येते आहे. खिडकीत ऊन छान येतं, पलंग करकरत नाही. मजा आहे.

४ नोव्हेंबर

आज आराखडा दाखवला. झुंबर बाद. सगळ्या हॉलला फॉल्स सिलिंग, त्यात एकमेकांना खटक्याने जोडायची चौकोनी पॅनेल, भिंतींच्या कडेने प्रकाशाच्या बारीक पट्ट्या. उजेड चहूबाजूंनी सारखा पडला की सावली उरत नाही. हॉलच्या मधोमध उभं राहा, पायाशी काही पडणार नाही. काकांना यातलं ओ की ठो कळलं नाही, पण 'बिनसावलीचा हॉल' हे शब्द आवडले. संध्याकाळपर्यंत त्यांनी ते निम्म्या गावाला फोनवर ऐकवले.

काकू चहा घेऊन आल्या. आराखड्यावर नजर टाकली आणि जिन्याखालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, इथे दिवा नको. का नको, तर तिथे कधीच नव्हता. सासूबाईंनी बजावून ठेवलंय की तिथला अंधार तसाच असू द्यायचा. मी पहिलीतल्या पोराला समजवावं तसं समजावलं, की आमच्या धंद्यात अंधाराचा ठिपका म्हणजे कपड्यावरचा डाग. त्यांनी नाक मुरडलं आणि माझा चहा अर्धा असतानाच कप उचलून नेला. काका डोळे मिचकावून म्हणाले, तुम्ही तुमचं करा हो.

इथला वायरमन आणखी थोर. जाडजूड चष्मा, कानामागे टेस्टर. मी त्याचं नाव चष्मेबहाद्दर ठेवलं आहे. या घरात त्या कोपऱ्याला वळसा घालूनच वायर न्यायची म्हणे. का ते त्याला माहीत नाही. त्याचा उस्ताद तशी न्यायचा म्हणून हाही नेतो. मेंढरांनासुद्धा याची लाज वाटली असती.

९ नोव्हेंबर

ही आली. आल्या आल्या काकूंशी गट्टी जमवली, काकांच्या विनोदांना हसली आणि छताला लावायच्या जिप्सम बोर्डांच्या थप्पीवर बसून, ड्रिल मशीन चालू असताना, चक्क झोपली. हिला उभ्या उभ्या झोप लागते. आमच्या लग्नाच्या फोटोत हिचे डोळे मिटलेले आहेत. मी ज्याला कधी नावं ठेवत नाही असं जगात एकच माणूस आहे, आणि ते माणूस निम्मा दिवस घोरत असतं.

उठल्यावर म्हणाली, तू सगळ्यांकडे लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटकडे बघावं तसं बघतोस. मग म्हणाली, काकू एवढं सांगतायत तर सोड ना तो कोपरा, सतरंजीएवढा तर आहे. मी म्हटलं, फोटोत तोच दिसणार. लोक म्हणणार, याचा हात तिथवर पोचला नाही. ती म्हणाली, लोक सोफा बघतील. हिला काय सांगणार!

१२ नोव्हेंबर

पॅनेल जोडून झाली. सगळी लागली, जिन्याखालचं सोडून. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे पॅनेलला वीज पुरवणारी डबी, बदलला. बदललेला जळाला. तिसरा लावला, तोही गेला. चष्मेबहाद्दर शिडीवरून उतरला आणि तोंड फुगवून बाजूला उभा राहिला. शेवटी मीच चढलो आणि शेजारच्या पॅनेलमधून जोडणी घेतली. तिथे वर हात घातला तर गार. फ्रीज उघडा राहिल्यासारखा गार.

लागलं! प्रकाश मोजायचं मीटर घेऊन हॉलभर फिरलो. सगळीकडे तोच आकडा, कोपऱ्यातही तोच. काकांनी टाळ्या वाजवल्या. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, आत आल्याच नाहीत. चष्मेबहाद्दराने हिशेब मागितला, उद्यापासून येणार नाही म्हणाला. पीडा गेली.

१३ नोव्हेंबर

हॉलमधलं काचेच्या भांड्यांचं कपाट. सकाळी ही त्यातून पेला काढायला गेली आणि हात मागे घेतला. म्हणाली, आत दिसत नाहीये. मी हात घातला. मनगटापर्यंत हात दिसत होता, पुढे नाही. भुरकट काचेमुळे असणार. लोक असल्या काचा का घेतात देव जाणे. मात्र आत हात फिरवताना असं वाटलं की कुणीतरी किंचित सरकून मला जागा करून दिली.

कपाटात पट्टी बसवली. आता लख्ख दिसतं. पेले आहेत, दुसरं काही नाही.

१४ नोव्हेंबर

आज सोफ्याखाली. काकांची चप्पल तिथे गेली आणि झाडूने काढायला गेलो तर झाडू कुणीतरी धरला. अडकला असेल. सोफ्याखाली पट्टी लावली. मग टेबलाच्या खणात. मग चपलांच्या कपाटात. दुपारी छताच्या वरच्या पोकळीत काहीतरी सरपटल्याचा आवाज आला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. उंदीर म्हणावा तर फार लांब. एक पॅनेल उतरवून पोकळीतही पट्ट्या सोडल्या.

काका खूश. त्यांना वाटतं मी फुकटात जास्तीचं काम करतोय. म्हणाले, आता फक्त माझ्या खिशात दिवा लावायचा राहिला. स्वतःच्या विनोदावर स्वतःच पोट धरून हसले. ही नाही हसली. म्हणाली, तू त्याला हाकलतोयस. कुणाला म्हणून विचारलं, तर तिलाही सांगता येईना. पण माझी बाही घट्ट धरून होती.

१६ नोव्हेंबर

झालं पूर्ण. या हॉलमध्ये आता कुठे बोटभर अंधार नाही. खण उघडा, गालिचा उचला, फुलदाणीत डोकवा, उजेड. फोटो काढले. अप्रतिम आले आहेत. अशी खोली या गावाने सात जन्मांत पाहिली नसेल आणि यांना ती दाखवणं म्हणजे उधळपट्टीच आहे.

ही सोफ्यावर झोपली आहे. एवढ्या झगझगाटात! दुपारी जेवून आडवी झाली ती अजून—

संध्याकाळी. हाका मारल्या, हलवलं, तोंडावर पाणी मारलं. श्वास चालू आहे. गालाला रंग आहे. पापण्या घट्ट मिटलेल्या, आणि त्यांच्याखाली काहीतरी फिरतंय. स्वप्नात बुबुळं फिरतात हे मलाही माहीत आहे. पण बुबुळं दोन असतात आणि मिळून फिरतात. हे एकीकडून दुसरीकडे जातंय. सावकाश.

१७ नोव्हेंबर

डॉक्टर आला. येताना फार रुबाब. नाडी, रक्तदाब, 'ताण असेल' वगैरे पाठ केलेलं सगळं बोलून झालं. मग अंगठ्याने तिची पापणी वर केली आणि बॅटरी मारली.

मी शेजारी वाकलो होतो. मीही पाहिलं. आत डोळा नव्हता. काळं होतं, खोल, आणि बॅटरीचा उजेड त्यात गेला तो परत आला नाही.

पापणी सुटली. डॉक्टर म्हणाला, रुग्णवाहिका पाठवतो. बॅग तशीच टाकून गेला. रुबाबदार मनुष्य. फोन उचलत नाही.

दुपारी काकू पहिल्यांदा हॉलच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. सगळं सांगितलं. सासूबाई म्हणायच्या, ते घर बांधायच्या आधीपासून या जागेत आहे. हॉल सोडून जात नाही, कुणाला काही करत नाही. फक्त त्याला बसायला काळोख लागतो. तुम्ही तो ठेवला नाहीत, म्हणून त्याने शोधला. मी ओरडलो, हे आधी सांगायला काय झालं होतं? काकू म्हणाल्या, सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता.

हसलोच असतो.

काकांनी बॅगा गाडीत टाकल्या. काकूंना घेऊन मुलीकडे चाललोय म्हणाले. माझ्याकडे बघवलं नाही त्यांना. बिनसावलीचा हॉल आणि धनी पाय लावून पळाला.

१८ नोव्हेंबर

रुग्णवाहिका आली. दोघांनी स्ट्रेचर उचललं. हॉलचं दार ओलांडलं आणि तिचा श्वास थांबला. ओठ निळे. आत आणलं, सुरू. पुन्हा नेलं, पुन्हा थांबला. त्यांनी तिला सोफ्यावर ठेवलं आणि काखा वर केल्या. एकजण म्हणाला, वरिष्ठांना विचारतो. विचार बाबा.

भरदुपारी मेन स्विच पाडला. पडदे ओढले. हातोडीने जिन्याखालचं पॅनेल फोडलं, पट्ट्या उपटल्या, कोपऱ्यावर चादरी टांगल्या. कोपरा काळाकुट्ट झाला. गुडघ्यावर बसून म्हटलं, ये. ही तुझी जागा. माझं चुकलं, ये.

मी! उस्तादाच्या चेल्याला मेंढरू म्हणणारा मी.

नाही आलं. का येईल? त्याच्याकडे सतरंजीएवढा कोपरा होता. आता अख्खं माणूस आहे.

१९ नोव्हेंबर

ती बोलली. डोळे मिटलेले, आवाज तिचाच. म्हणाली, अरे, सरक ना जरा, जागा पुरत नाहीये.

मला नाही म्हणाली. आत कुणाला तरी.

श्वास कालच्यापेक्षा बारीक आहे. एक घेते. मग थांबते. मी मोजत नाही, मोजवत नाही—

दुपार. विचार केला. रडून झालं, आता विचार. कपाटातून ते कसं गेलं? उजेड केला म्हणून. सोफ्याखालून? तसंच. खणातून, छतातून, तसंच. जाताना जवळचा अंधार धरतं. मला दुसरं काही येत नाही, हे येतं. दिवे लावता येतात.

कोपऱ्यावरच्या चादरी काढल्या. फुटलेल्या पॅनेलच्या जागी दुसरं जोडलं. पट्ट्या परत. सगळ्या. हॉल पुन्हा लख्ख. मीटरवर सगळीकडे तोच आकडा. दोनच जागा सोडून, तिच्या पापण्यांखाली.

तिसरी जागा मी देणार.

चष्मेबहाद्दर इन्सुलेशन टेप विसरून गेलाय. त्या टेपने तिच्या पापण्या वर चिकटवल्या, एक, मग दुसरी. दोनदा टेप केसांना चिकटली, सोडवून परत लावली. राणी, माफ कर. आत काळं, तसंच. वरून चारी बाजूंचा उजेड. काठावर ते आकसतंय. दिसतंय मला. आकसतंय—

आता मी माझे डोळे मिटतो. डोकं तिच्या डोक्याला लावून बसलोय. वही मांडीवर. न बघता लिहितोय, ओळी वाकड्या जातील. जाऊ देत.

मिटले.

काही नाही. पापणीला उजेड लागतोय, लालसर.

लालसर.

गार. कपाळातून आलं. गार

लाल गेलं

ती हलली! माझा खांदा धरला. टेप ओढून काढतेय, रडतेय, दिसतंय म्हणतेय, तिला सगळं दिसतंय, दिवे दिसतायत, मी दिसतोय. हसू येतंय मला. जमलं. आयुष्यात एक काम तरी धड—

आत ऐसपैस आहे. ते मागे सरकून मला जागा देतंय.

ती ओरडतेय, डोळे उघड. डोळे उघड. तिचा हात माझ्या गालावर आहे, बोट पापणीवर. नाही, पापणीवर नाही, बोट थेट

उघडलेच आहेत म्हणतेय ती. कधीचे उघडेच आहेत. सगळे दिवे चालू आहेत ना गं, मग मला