जिभेवरचा लाल रंग

४ जून
अप्पांचं पोट पाचव्या दिवशीही साफ नाही. नगाऱ्यासारखं फुगलंय. डॉ. म्हणाले, आत अडथळा काही नाही, आतडीच मंदावलीत. का, ते तपासणीत बघू. चाळीस वर्षं अप्पा रेशमाच्या रंगाचं पाणी जिभेवर ठेवून पाहतात. आम्ल बरोबर पडलं की नाही, ते चवीनं कळतं म्हणे. आणि मी आतड्यातल्या चेतापेशींवर पीएच.डी. करतेय! धन्य आहे माझी.

६ जून
अप्पांच्या डब्यातली चिमूटभर लाल पूड चोरून लॅबमध्ये नेली. त्यांच्यासारखंच आम्ल घालून कोंबडीच्या गर्भाच्या आतड्यातल्या पेशींवर टाकली. झोप नाही.

९ जून
पेशींच्या फांद्या आखडल्या. भिंगातून तीनदा पाहिलं. कदाचित रंग नसेल, आम्लच असेल...

११ जून
नुसतं आम्ल टाकून पाहिलं. फांद्या जशाच्या तशा. म्हणजे रंगच. गाइडबाई म्हणाल्या, "बशीतल्या पेशी म्हणजे तुझे अप्पा नव्हेत. मात्रा बघ." खरंय, मी फारच जास्त टाकला होता. पण चाळीस वर्षं, रोज...

१३ जून
सांगून टाकलं. अप्पा उखडले. "कोंबडीस जाहलं ते मज होईल? सायम जिभेलाच कळतं गे, कागदास काय कळतं?" रंगाला ते सायमच म्हणतात. आम्लता मोजायच्या कागदी पट्ट्या मी आणल्या होत्या, त्या कोपऱ्यात पडल्या. मला रडूच फुटलं. मग म्हणाले, "नाही चाखत. पोदुम?" पुरे, अप्पा. एवढंच हवं होतं.

१७ जून
पट्टीवर विसंबून रंगवलेल्या लड्या डागाळल्या. लग्नाच्या साडीच्या होत्या. विणकरानं परत पाठवल्या. अप्पा जेवले नाहीत. आई त्यांच्याजवळ नुसती बसून होती. हे सगळं माझ्यामुळे.

२१ जून, एकादशी
लड्या एकसारख्या उतरल्या, काय सुंदर लाल! अप्पांचं पोटही दोन दिवस जरा हलकं. तपासणी सोमवारी.
"जमलं ना पट्टीवर?" मी विचारलं. अप्पा रेशमाच्या गाठी सोडवत राहिले.
आई तीर्थ घेऊन आली. हसली. जीभ लालभडक.
"विडा खाल्ले गे," म्हणाली.
एकादशीला आई तीर्थाखेरीज काही तोंडात घालत नाही.